राष्ट्रीय उत्पन्न मोजताना या चुका टाळा

बारावीचा पेपर असो की एमपीएससीचा, राष्ट्रीय उत्पन्नाच्या व्याख्या मुलं तोंडपाठ करून येतात आणि उदाहरण आलं की अडतात. मुंबईत ही अडचण जरा जास्तच. इथे पैसा सतत हात बदलताना दिसतो आणि पैसा फिरला म्हणजे उत्पन्न वाढलं, असं मनात बसून जातं. हिशेब मात्र उत्पादनाचा असतो. या वर्षात नवीन काय तयार झालं, कुठे झालं आणि ते कोणाचं, एवढंच विचारायचं. पुढच्या बहुतेक चुका हे न विचारल्यामुळे होतात.

पैसा फिरला, उत्पादन झालं नाही

दलाल स्ट्रीटवर शेअर विकून तुम्हाला पन्नास हजारांचा नफा झाला, तरी राष्ट्रीय उत्पन्नात त्याचे शून्य रुपये. आधीपासून असलेली मालकी एकाकडून दुसऱ्याकडे गेली, इतकंच. ब्रोकरची दलाली मात्र धरायची, कारण ती सेवा यंदा दिली गेली. गिरगावातली जुनी खोली दोन कोटींना विकली गेली तरी हाच नियम. इमारत बांधली त्याच वर्षी ती मोजून झाली. एजंटचं कमिशन तेवढं यंदाचं.

लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये हे हस्तांतरित देणं आहे. त्या बदल्यात कोणतीही वस्तू किंवा सेवा सरकारला मिळालेली नाही, म्हणून उत्पन्न पद्धतीत (पगार, भाडं, व्याज, नफा यांची बेरीज) ते धरत नाहीत. पण त्याच पैशातून बहिणीने मुलीसाठी दप्तर घेतलं, तर तो खर्च पद्धतीत (अंतिम वस्तू-सेवांवरच्या खर्चाची बेरीज) खासगी उपभोग खर्च होतो. दोन्हीकडे लिहिलं की गेले मार्क. शिष्यवृत्ती, वृद्धापकाळाचं निवृत्तिवेतन यांनाही हेच लागू.

उलट चूकही तेवढीच होते. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारा माणूस कोणालाच भाडं देत नाही, तरी तसल्या घराला जे भाडं आलं असतं ते अंदाजाने धरून जीडीपीत, म्हणजे देशाच्या हद्दीतल्या उत्पादनाच्या एकूण मूल्यात, मिळवतात. नाहीतर उद्या शेजारच्या दोन मालकांनी आपापल्या घरांची अदलाबदल करून एकमेकांना भाडं द्यायला सुरुवात केली, तर देशाचं उत्पन्न उगाच वाढलेलं दिसेल. शेतकऱ्याने घरी खाण्यासाठी ठेवलेलं धान्यही धरतात. घरातल्या बाईने दिवसभर केलेला स्वयंपाक मात्र धरत नाहीत, आणि तोच स्वयंपाक पगारी बाईने केला तर धरतात. या मोजमापाची ही फार मोठी उणीव आहे असं मला मनापासून वाटतं. पण उत्तर लिहिताना नियम आहे तसाच लिहा.

दुहेरी गणना

पेणच्या कारखान्यात २०० रुपयांची शाडूची माती आली. तिथून बिनरंगाची मूर्ती ९०० रुपयांना लालबागला गेली. तिथल्या कारखानदाराने १५० रुपयांचा रंग घेतला, मूर्ती रंगवली आणि २,५०० रुपयांना घरी नेणाऱ्याला विकली. सगळ्या विक्रीची बेरीज करणारा ३,७५० लिहितो. बरोबर उत्तर २,५००, कारण माती, बिनरंगाची मूर्ती आणि रंग यांची किंमत त्यातच आली. मूल्यवर्धनाने, म्हणजे प्रत्येकाच्या विक्रीतून त्याने विकत घेतलेला माल वजा करून, ताळा करा: माती २००, पेण ७००, रंग १५०, लालबाग १,४५०, बेरीज २,५००. माती आणि रंगवाल्यांनी बाहेरून काही विकत घेतलं नाही, असं इथे सोपेपणासाठी मानलंय.

इथे दोन ठिकाणी घसरायला होतं. एक म्हणजे वस्तूकडे बघून ती अंतिम (थेट वापरायची) की मध्यवर्ती (दुसरं काही बनवून विकायला घेतलेली) हे ठरवणं. घरी चहासाठी आणलेलं दूध अंतिम वस्तू, टपरीवाल्याने घेतलेलं तेच दूध मध्यवर्ती. ठरतं ते वापरावरून. दुसरं म्हणजे न विकलेला माल विसरणं. मार्चअखेर कारखान्यात पडून असलेल्या मूर्ती साठ्यातील बदल म्हणून याच वर्षात येतात आणि पुढच्या वर्षी विकल्या गेल्या की तेवढा साठा वजा होतो.

दुबईचा पैसा आणि जहाजावरचा पगार

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, आणि तो पुस्तकातल्या एका ओळीने मिटत नाही, म्हणून जरा थांबून बघू.

काका दहा वर्षं दुबईत नोकरी करतात आणि दर महिन्याला गिरगावात आजीला पैसे पाठवतात. बहुतेक जण हे 'परदेशातून मिळणारं निव्वळ घटक उत्पन्न' (आपल्या रहिवाशांनी परदेशात कमावलेलं वजा परदेशींनी इथे कमावलेलं) म्हणून राष्ट्रीय उत्पन्नात टाकतात. तसं होत नाही. वर्षभराहून जास्त काळ तिकडे संसार थाटलेला माणूस हिशेबापुरता तिथला रहिवासी असतो. त्याचा पगार हे तिथलं उत्पन्न. त्याने आजीला पाठवलेली रक्कम हे चालू हस्तांतरण, म्हणून ती जीडीपीतही नाही आणि राष्ट्रीय उत्पन्नातही नाही. ती येते राष्ट्रीय व्ययशक्य उत्पन्नात, म्हणजे देशाला प्रत्यक्ष खर्चायला किंवा साठवायला जे हाती येतं त्यात.

आता दादा मर्चंट नेव्हीत आहे, परदेशी कंपनीच्या जहाजावर. घर, बायको-मुलं डोंबिवलीत. खलाशाचं रहिवासीपण जहाजाच्या झेंड्यावरून ठरत नाही, त्याचं कुटुंब जिथे आहे तिथून ठरतं. म्हणून त्याचा पगार भारताच्या जीडीपीत नाही, कारण उत्पादन इथे झालं नाही, पण तो इथला रहिवासी असल्याने राष्ट्रीय उत्पन्नात आहे.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत काम करणाऱ्या मुंबईकराचंही असंच. वकिलात हिशेबात अमेरिकेचा भूभाग. रोज कुर्ल्याहून रिक्षाने जाणाऱ्या माणसाचा पगार परदेशातून आलेलं घटक उत्पन्न ठरतो. ऐकायला विचित्र, पण रहिवासी कोण आणि उत्पादन कुठे झालं हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की कोडं सुटतं.

मुख्यालय मुंबईत, उत्पादन कुठे?

मुंबईतून गोळा होणारा कर पाहून मुंबईचं उत्पन्न सांगणारे खूप भेटतात. कंपनीचं मुख्यालय नरिमन पॉइंटला आणि कारखाना दुसऱ्या राज्यात असेल तर कर इथे भरला जाऊ शकतो, पण कारखान्यातलं मूल्यवर्धन त्या राज्याच्या उत्पन्नात जातं. रेल्वे, बँका अशा अनेक राज्यांत पसरलेल्या क्षेत्रांचं उत्पन्न ठरावीक निकषांनी राज्यांत वाटून दिलं जातं. सीएसएमटीचं तिकीट विकलं गेलं म्हणून ते सगळं महाराष्ट्राचं होत नाही.

दोन पद्धतींची उत्तरं जुळत नसतील तर

गणितात उत्पन्न पद्धतीचं आणि खर्च पद्धतीचं उत्तर वेगळं आलं, तर आधी अप्रत्यक्ष कर आणि अनुदानं तपासा. मूळ किमतीनुसार सकल मूल्यवर्धनात उत्पादनांवरचे कर मिळवले आणि उत्पादनांवरची अनुदानं वजा केली की बाजारभावाचा जीडीपी मिळतो. मग घसारा, म्हणजे वर्षभरात यंत्रं-इमारतींची झालेली झीज, बघा (सकल आणि निव्वळ यांतला फरक एवढाच), आणि शेवटी परदेशातलं निव्वळ घटक उत्पन्न. ते उणेही असू शकतं, भारताचं असतंच. चिन्ह न बघता मिळवणं ही नेहमीची चूक.

हा फरक कागदापुरता नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ या तिमाहीचे आकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये आले तेव्हा जीडीपीची वाढ ८.४ टक्के होती आणि सकल मूल्यवर्धनाची ६.५ टक्के. निव्वळ कर जोरात वाढल्यामुळे ही फट पडली. अशा वेळी एकच आकडा वाचून अर्थव्यवस्थेवर मत देणं धोक्याचं.

दोन वर्तमानपत्रांत दोन आकडे

जीडीपीची २०२३-२४ ची वाढ जानेवारी २०२४ मध्ये ७.३ टक्के सांगितली गेली, फेब्रुवारीत ७.६, मे महिन्यात ८.२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ९.२. चारही आकडे सरकारी आणि आपापल्या जागी खरे. पहिला आगाऊ अंदाज, दुसरा आगाऊ अंदाज, तात्पुरता अंदाज आणि पहिला सुधारित अंदाज अशी ती उतरंड आहे. कंपन्यांचे हिशेब, शेतीची आकडेवारी जसजशी हाती येते तसतसा आकडा बदलतो. नोट्स काढताना आकड्यापुढे अंदाजाचा टप्पा लिहून ठेवा. आधारभूत वर्षही (ज्या वर्षीच्या किमती धरून मोजतात ते) लिहा, कारण हे चार आकडे २०११-१२ च्या मालिकेतले आहेत. ती मालिका जानेवारी २०१५ मध्ये आली, आणि त्याआधी ठळकपणे सांगितली जाणारी वाढ घटक किमतीनुसार, म्हणजे अप्रत्यक्ष कर वगळून आणि अनुदानं मिळवून, असे. जुन्या गाइडमधला आकडा नव्याशेजारी ठेवू नका.

चालू (त्या त्या वर्षीच्या) आणि स्थिर (आधारभूत वर्षाच्या) किमतींचंही तेच. मे २०२५ च्या तात्पुरत्या अंदाजात २०२४-२५ ची वाढ चालू किमतींनी ९.८ टक्के, स्थिर किमतींनी ६.५ टक्के. मधला फरक भाववाढीचा. तो काढायला वजाबाकी करू नका, १.०९८ ला १.०६५ ने भागा, साधारण ३.१ टक्के येतात.

आणि दरडोई उत्पन्न म्हणजे जीडीपी भागिले लोकसंख्या, असं लिहू नका. आपल्याकडे सरकारी आकडा निव्वळ राष्ट्रीय उत्पन्नाला लोकसंख्येने भागून येतो.

दरडोई उत्पन्नाचा पहिला गाजलेला भारतीय हिशेब दादाभाई नौरोजींचा. १८७६ मध्ये त्यांनी मुंबईत भारताच्या दारिद्र्यावर निबंध वाचला आणि वर्षाला माणशी सुमारे २० रुपये असा आकडा मांडला. त्या २० रुपयांशेजारी आजचा आकडा ठेवून 'इतक्या हजार पट प्रगती' असं निबंधात लिहिणारी मुलं दरवर्षी असतात. किमती वेगळ्या, शिवाय दादाभाईंच्या हिशेबात शेती, खाणी, कारखाने यांचं वस्तुरूप उत्पादन होतं, सेवा नव्हत्या. त्यांनी स्वतः तो आकडा ताडून पाहिला तो त्याच काळातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी, आणि सर्वसाधारण माणसाच्या वाट्याला तेवढंही येत नाही हे दाखवून दिलं.