चॅरिटी शॉपमधून 'नाऊ' अल्बम कसे निवडावेत

२००९ च्या सप्टेंबरात मी इंग्लंडमध्ये लेस्टरला आले. ऑफिसात दिवसभर रेडिओ चालू असायचा, सगळे गुणगुणायचे आणि मला एकही गाणं ओळखीचं नसायचं. नोव्हेंबरात 'नाऊ दॅट्स व्हॉट आय कॉल म्युझिक' या, वेगवेगळ्या गायकांची ताजी हिट गाणी एकत्र करणाऱ्या मालिकेचा ७४ वा अल्बम घेतला. आठवड्याभरात रेडिओवरची निम्मी गाणी माझीही झाली. तेव्हापासून चॅरिटी शॉपमधून, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानांतून, जुने अंक जमवते आहे, आता साठेक आहेत. अंकच म्हणते मी, कारण ते मासिकासारखेच निघतात.

नवा माणूस 'कुठला घेऊ' विचारतो तेव्हा मी म्हणते, आधी डबीच्या कण्यावरचा नंबर बघ. पहिला अल्बम २८ नोव्हेंबर १९८३ ला आला. व्हर्जिन आणि ईएमआय या दोन कंपन्यांनी आपापली गाणी एकत्र केली होती: ३० गाणी, त्यांतली ११ ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेली. पुढे वर्षाला साधारण तीन अंक ठरून गेले, वसंतात, उन्हाळ्यात आणि नाताळच्या तोंडावर. म्हणजे नंबर हीच तारीख. तुम्ही या देशात आलात तो हंगाम, मुलाच्या जन्माचा हंगाम, असा शोध घ्या. 'दशकातली सर्वोत्तम गाणी' वगैरे संग्रह मी टाळते. ते मागाहून निवडलेले असतात, त्यांत फक्त टिकलेलीच गाणी उरतात. नंबरवाल्या अंकात त्या तीन-चार महिन्यांत जे वाजलं ते बरंचसं शेजारी शेजारी बसतं. नंतर कुणालाच न आठवलेलं गाणंही तिथे असतं आणि मला तेच हवं असतं.

मग डबी उघडा. दुकानातच उघडा, लाजू नका. दोन सीडींच्या अंकात एकच निघणं हे फार होतं. मी एकदा घरी आल्यावर पाहिलं तर दुसऱ्या खणात भलत्याच कुणाची तरी सीडी होती. सीडी तिरकी धरून उजेडात बघा: मधून बाहेर जाणारे ओरखडे बहुधा चालतात, गोलाकार ओरखडे त्रास देतात. 'नाऊ २९' मला पन्नास पेन्सला मिळाला. पुस्तिकेच्या आत निळ्या पेनाने लिहिलं होतं, 'आजीकडून, नाताळ १९९४'. असं लिहिलेलं दिसलं की मी दुसरा विचार करत नाही.

आता अशा संग्रहांची खोट. ती माहीत असली तर फसगत होत नाही.

सगळ्यात मोठी खोट म्हणजे कोण नाही ते. गाण्याचा हक्क ज्या कंपनीकडे, तिने दिला तर गाणं येणार. १९८४ मध्ये सीबीएस आणि डब्ल्यूईए या दुसऱ्या दोन रेकॉर्ड कंपन्यांनी 'हिट्स' नावाची आपली वेगळी मालिका काढली आणि त्यांचे कलाकार तिकडे गेले. म्हणून त्या काळचा एखादा हिवाळा पुरा ऐकायचा असेल तर त्याच हिवाळ्याचे 'नाऊ' आणि 'हिट्स' असे दोन्ही घ्या.

दुसरी खोट कात्रीची. सीडीवर जास्तीत जास्त ऐंशी मिनिटं मावतात आणि गाणी वीसच्या वर कोंबायची असतात, त्यामुळे रेडिओसाठी छाटलेली आवृत्ती येते किंवा शेवट लवकर विरतो. आवडलेल्या गाण्याची मिनिटं मूळ अल्बमशी ताडून बघा. एलपीवर हाल आणखी. एका बाजूला विसेक मिनिटं सुखाने बसतात. सत्तरच्या दशकात के-टेल आणि रॉन्को या असेच संग्रह काढणाऱ्या कंपन्या एकेका बाजूला दहा-दहा गाणी बसवत. रेषा दाटीने कोरल्या की आवाज बारीक होतो, खालचे सूर हरवतात. माझ्याकडच्या एका एलपीवर बेस गिटार शेजारच्या घरात वाजतंय असं वाटतं.

तिसरी, दुसऱ्याच गायकाची. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात 'व्हर्जन' गाण्यांच्या स्वस्त कॅसेटी विकल्या जायच्या, तसाच प्रकार इथे त्याआधीपासून होता. अनाम स्टुडिओ गायक ताजी हिट गाणी गायचे आणि ते अल्बम स्वस्तात विकले जायचे. १९७१ मध्ये असे अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर गेले होते. प्रसिद्ध होण्याआधी एल्टन जॉननेही अशी गाणी गायली आहेत, त्यामुळे ते तुच्छ आहेत असं मी म्हणणार नाही, पण काय घेतोय ते कळायला हवं. मागच्या बारीक अक्षरांत 'मेड फेमस बाय' (अमक्याने गाजवलेलं) किंवा 'रीरेकॉर्डेड' (पुन्हा ध्वनिमुद्रित) दिसलं तर आवाज मूळचा नाही किंवा मूळचाच गायक पुष्कळ वर्षांनी पुन्हा गायला आहे.

१९८४ च्या 'नाऊ ४'ची सीडी दिसली तर भाव न विचारता उचला. ती फार थोडी निघाली होती, संग्राहक तिच्यामागे असतात. मला अजून दिसलेली नाही.

घरी आणल्यावर मोबाईल बाजूला ठेवून दोन्ही सीडी क्रमाने ऐका, गाणी पुढे ढकलू नका. नावाजलेली गाणी पहिल्या सीडीच्या सुरुवातीला लावतात आणि दुसरीच्या शेवटी पातळ होत जातं, हे खरं. पण माझ्या वहीतली गायकांची बरीचशी नावं तिथलीच आहेत. प्रत्येक अंकातून तीनच नावं लिहायची, असा माझा नियम आहे. पुढच्या शनिवारी त्या तिघांचे स्वतःचे अल्बम शोधायला मी त्याच दुकानात जाते.