पॉन्टून बोटीचा ट्रेलर: आधी उतार बघा, मग पैसे काढा

पॉन्टून बोट म्हणजे ॲल्युमिनियमच्या लांब नळ्यांवर तरंगणारा सपाट डेक. ती ओढून न्यायला घेतलेला माझा पहिला ट्रेलर कात्रीचा होता. स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, आणि पहिल्याच लांबच्या पल्ल्यात पस्तावलो. शेजारून ट्रक गेला की आरशात अख्खी बोट डुलताना दिसायची. दोष ट्रेलरचा नव्हता, माझा होता.

कात्रीच्या ट्रेलरची चाकं दोन नळ्यांच्या मधल्या जागेत असतात. हँडल फिरवलं की चौकट वर येते आणि डेकखालच्या आडव्या पट्ट्यांना टेकून बोट उचलते. चाकांमधलं अंतर कमी आणि वजन उंचावर, मग वाऱ्यात डुलणार नाही तर काय! उथळ पाण्यात मात्र हाच कामाचा: चौकट खाली केली की बोट तरंगते. हंगाम संपल्यावर बोट ठोकळ्यांवर टेकवून ट्रेलर खालून काढूनही घेता येतो. पाणी दहा-पंधरा मिनिटांवर असेल तर खुशाल घ्या. फक्त रस्त्यावर चौकट जमेल तितकी खाली ठेवा.

बंक ट्रेलरवर प्रत्येक नळी गालिचा लावलेल्या लांब फळ्यांवर बसते. चाकं लांब-लांब, त्यामुळे रस्त्यावर निवांत. पण बोट सुटायला फळ्या चांगल्या बुडाव्या लागतात, म्हणजे पाणी खोल हवं. म्हणून खरेदीआधी एक लांब काठी घेऊन बोट पाण्यात सोडायच्या तुमच्या नेहमीच्या उतारावर जा. गाडीची मागची चाकं पाण्याच्या कडेला आहेत असं धरा, आणि तिथून ट्रेलरची चाकं जिथवर जातील तिथे किती पाणी आहे ते मोजा. गुडघाभरच निघालं तर बंक घेऊन रोज गाडी भिजवाल.

तीन नळ्यांची बोट असेल तर एवढा विचारच नको. मधली नळी आडवी येते, साधी कात्री आत शिरतच नाही. तीन नळ्यांसाठी बनवलेला बंकच बघा.

वजनात बरेच जण फसतात. कंपनीच्या कागदावरचं वजन बहुधा कोरड्या बोटीचं असतं. त्यात इंजिन, बॅटरी, नांगर, सामान मिळवा. 100 लिटर पेट्रोलच साधारण 75 किलो भरतं. ट्रेलरच्या प्लेटवरचं एकूण कमाल वजन ट्रेलरला धरून असतं, तेव्हा त्यातून ट्रेलरचं वजन वजा करा. उरेल तेवढीच बोट. बोट मोठी असेल तर दोन ॲक्सल आणि ब्रेक हवेतच. हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो तिथे, एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार यायला हवा. कमी पडला तर ट्रेलर मागे शेपूट हलवतो.

जुना घेत असाल तर गुडघे टेका आणि गालिच्यावरून बोटं फिरवा. मला एकदा असंच एक टोकदार टेंगूळ लागलं: झिजलेल्या गालिच्याखाली वर आलेलं बोल्टचं डोकं. नळीवर तिथेच बोटभर चरा पडलेला. फळी बदलताना लाकूडही विचारून घ्या; तांब्याचं औषध मुरवलेलं लाकूड ॲल्युमिनियम खातं. खाऱ्या पाण्यात जाणार असाल तर नुसता रंगवलेला सांगाडा नको, जस्ताचा मुलामा दिलेलाच घ्या.

आणि पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात ढकलू नका. चाकांचे हब, म्हणजे मधले तुंबे, तापलेले असतात, गार पाण्यात ते एकदम थंड झाले की बेअरिंग पाणी आत ओढतात. हात टेकवून बघा. ते निवेपर्यंत मी मागचे पट्टे सोडतो, विंचचा (बोट पुढून ओढून धरणाऱ्या रहाटाचा) मात्र बोट पाण्यात गेल्यावरच.