डेस्कटॉप डेटाबेस सांभाळता? माहिती ताजी ठेवताना या चुका टाळा

मायक्रोसॉफ्टची मासिक सुरक्षा अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध होतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि आपल्याकडे ऋतुमानाप्रमाणे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. त्यामुळे अपडेटने काही बिघडवलेच, तर ते आपल्याकडे बुधवारी सकाळी, दुकानाचे शटर वर जाताना किंवा पतसंस्थेचा काउंटर उघडताना उमगते. अ‍ॅक्सेस किंवा फॉक्सप्रो या डेस्कटॉप डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये केलेले बिलिंग, पगारपत्रक, सभासदांची कर्जखाती असे काम सांभाळणारा माणूस बहुधा एकटा असतो. फोन त्यालाच येतो आणि काउंटरवर रांग वाढत असताना उत्तरही त्यालाच द्यावे लागते. अशा माणसासाठी ताज्या माहितीचा अर्थ नव्या सोयींची ओळख एवढाच नसतो. आपण बसवून दिलेली कोणती फाइल, कोणत्या बदलामुळे, कोणत्या दिवशी अडेल, हे आधी कळणे त्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असते. याच बाबतीत ज्या चुका वारंवार दिसतात, त्या येथे मांडत आहे.

बिघाड बाहेरचा, उपचार मात्र फाइलीवर

१२ नोव्हेंबर २०१९ हा असाच एक मंगळवार होता. त्या दिवशीच्या ऑफिस सुरक्षा अपडेटनंतर अ‍ॅक्सेसमधील अनेक अपडेट क्वेऱ्या, म्हणजे टेबलातील नोंदी बदलणाऱ्या आज्ञा, चालेनाशा झाल्या आणि 'क्वेरी करप्ट झाली आहे' अशा अर्थाचा संदेश ३३४० या क्रमांकासह दिसू लागला. एकाच टेबलावर चालणारी आणि 'व्हेअर'ची अट असलेली साधी अपडेट क्वेरी, म्हणजे रोजच्या वापरातील सर्वांत नेहमीचा प्रकार, त्यात सापडला. २०१० पासून २०१९ पर्यंतच्या आवृत्त्या आणि ऑफिस ३६५ या सर्वांना त्याची झळ बसली.

संदेशातील 'करप्ट' हा शब्द दिशाभूल करणारा होता. फाइल धडधाकट होती, क्वेरीही जशीच्या तशी होती. पण तो शब्द वाचल्यावर हात आपोआप 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर'कडे जातो, आणि त्याने भागले नाही की आदल्या दिवशीचा बॅकअप परत घातला जातो. तसे केल्यास सकाळपासूनच्या पावत्यांच्या नोंदी पुसल्या जातात आणि चूक मात्र जागच्या जागी राहते, कारण बॅकअपमधील क्वेरीही त्याच संगणकावर त्याच अपडेटखाली चालणार असते.

मायक्रोसॉफ्टने तेव्हा सुचवलेला तात्पुरता मार्ग सोपा होता आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. अपडेट क्वेरी थेट टेबलावर न चालवता, त्या टेबलातील सर्व रकाने निवडणारी एक साधी सिलेक्ट क्वेरी करायची आणि अपडेट तिच्यावर चालवायचे. पन्नास ठिकाणचा कोड बदलणे शक्य नसेल, तर फ्रंटएंडमधील (फॉर्म आणि कोड असलेल्या फाइलीतील) 'बिले' या टेबलाच्या दुव्याचे नाव 'बिले_मूळ' करायचे आणि 'बिले_मूळ'मधील सर्व काही निवडणाऱ्या क्वेरीला 'बिले' हे नाव द्यायचे. कोडला 'बिले' हेच नाव दिसत राहते आणि एका ओळीलाही हात न लावता काम पुढे सरकते. दुरुस्त्या आवृत्तीगणिक वेगवेगळ्या दिवशी, टप्प्याटप्प्याने आल्या. हा मार्ग ज्यांना बुधवारी दुपारपर्यंत समजला त्यांचा अर्धा दिवस गेला. ज्यांना तो समजला नाही त्यांनी निरोगी फाइलींवर आठवडाभर शस्त्रक्रिया केल्या.

म्हणून फाइलीला हात लावण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. हाच दोष एकाहून अधिक संगणकांवर, एकाच सकाळी सुरू झाला आहे का? आणि गेल्या आठवड्यातील फाइलीची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून तीच क्रिया केली, तर तीही अडते का? दोन्हींचे उत्तर 'हो' असेल, तर कारण फाइलीबाहेर आहे असे धरून चालावे. मग 'फाइल' मेनूतील 'अकाउंट'मध्ये जाऊन आवृत्ती आणि बिल्डचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि चुकीच्या संदेशातील क्रमांक, महिना व वर्ष एकत्र टाकून इंग्रजीत शोध घ्यावा. अ‍ॅक्सेसमधील अलीकडच्या अडचणी आणि त्यांवरील उपाय मायक्रोसॉफ्ट आपल्या मदत-पृष्ठावर एकत्र देते. ते पृष्ठ ब्राउझरच्या खुणेत कायम असावे, कारण घाईच्या वेळी ते शोधत बसणे परवडत नाही.

याच अनुभवातून आणखी एक चूक जन्माला येते, ती म्हणजे ग्राहकाच्या संगणकावरील अपडेट्स कायमची बंद करून टाकणे. वर सांगितलेले अपडेट सुरक्षेतील एक भोक बुजवण्यासाठीच आले होते. पैशांच्या नोंदी असलेला संगणक अपडेटविना इंटरनेटवर ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. एखादे अपडेट मागे घ्यावे लागलेच, तर ते कोणत्या तारखेला पुन्हा बसवायचे हे त्याच वेळी लिहून ठेवावे. शक्य असल्यास स्वतःच्या एका संगणकावर ऑफिसची अपडेट्स ग्राहकांच्या आधी येतील अशी सोय करावी. ऑफिसची बिल्डे वेगवेगळ्या वाहिन्यांतून वेगवेगळ्या गतीने येतात, त्यामुळे हे करता येते.

मथळ्यावरून ग्राहकाला उत्तर देणे

'अ‍ॅक्सेस बंद होणार आहे म्हणे' हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी येतो. त्यामागे बहुधा खरी, पण अर्धवट वाचलेली बातमी असते. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने शेअरपॉइंट या कार्यालयीन वेब-व्यवस्थेवरील अ‍ॅक्सेस वेब अ‍ॅप्स बंद करण्याचे जाहीर केले आणि एप्रिल २०१८ मध्ये ती ऑनलाइन सेवा थांबली. डेस्कटॉपवरील अ‍ॅक्सेसला त्या निर्णयाने धक्का लागला नाही. तसेच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला तो ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या आणि मदत. मायक्रोसॉफ्ट ३६५ मधील आणि २०२४ च्या आवृत्तीतील अ‍ॅक्सेस चालूच आहे. एका सेवेचा अंत, एका आवृत्तीच्या आधाराचा अंत आणि संपूर्ण उत्पादनाचा अंत या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बातमी वाचताना ती यांपैकी कशाविषयी आहे हे मूळ घोषणेत पाहिल्याशिवाय ग्राहकाशी त्या विषयावर बोलू नये. घाबरून घाईने केलेले स्थलांतर किती खर्चाचे असते, हे ज्याने एकदा निस्तरले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

फॉक्सप्रोच्या बाबतीत उलट चूक होते. व्हिज्युअल फॉक्सप्रोची दहावी आवृत्ती येणार नाही हे मार्च २००७ मध्येच जाहीर झाले, नवव्या आवृत्तीचा दुसरा सर्व्हिस पॅक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला आणि १३ जानेवारी २०१५ रोजी आधार संपला. तरीही प्रोग्राम चालतच राहिले, त्यामुळे 'आता बातमी कसली पाहायची' असा समज पक्का झाला. महाराष्ट्रात सहकारी संस्थांच्या आणि व्यापाऱ्यांच्या कितीतरी जुन्या नोंदी आजही डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोच्या टेबलांच्या, फाइलींत आहेत, म्हणून हा समज धोक्याचा वाटतो. फॉक्सप्रो बदलत नसले, तरी त्याच्या भोवतालचे सारे बदलत असते. फॉक्सप्रोचा ओएलई-डीबी प्रोव्हायडर (इतर प्रोग्रामांना त्यातील माहिती पुरवणारा दुवा) फक्त ३२ बिटचा आहे. नव्या संगणकावर ६४ बिटचे ऑफिस बसले, की ते ३२ बिटचा भाग वापरू शकत नाही आणि त्या प्रोव्हायडरवर विसंबलेली एक्सेलची पत्रके आणि अहवाल थांबतात. डॉस या विंडोजपूर्व प्रणालीवरील फॉक्सप्रोचे कार्यक्रम तर ६४ बिट विंडोजवर थेट चालतच नाहीत, आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, ही बातमी वरवर फॉक्सप्रोची नसली तरी डॉसचा कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेसाठी त्या वर्षातील सर्वांत मोठी बातमी तीच होती.

बातमी एकदा वाचून सोडून देणे हीदेखील चूकच. इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींतील मॅक्रो (फाइलीतच लिहिलेला कोड) आपोआप अडवले जातील हे फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झाले. जुलैच्या सुरुवातीला तो बदल थोपवण्यात आला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पुन्हा लागू झाला. मधल्या टप्प्यावर ज्यांनी 'रद्द झाले' असे गृहीत धरले, त्यांनी ईमेलने पाठवलेले नवे फ्रंटएंड ग्राहकाकडे उघडले खरे, पण त्यातील एकही बटण काम करीना. फाइलीच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'अनब्लॉक'वर खूण करणे किंवा फाइल विश्वसनीय म्हणून नोंदवलेल्या फोल्डरमध्ये ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि तो पाठवणीच्या संदेशातच लिहावा.

जुना सल्ला त्याची तारीख न पाहता वापरणे

अ‍ॅक्सेसवरील उत्तम लेखनाचा मोठा भाग १९९७ ते २०१० या काळातला आहे. टेबलांची रचना, नोंदींचे कुलूप, क्वेऱ्यांचा वेग या विषयांवरचे ते ज्ञान आजही खरे आहे आणि नव्या माणसाने ते वाचलेच पाहिजे. मात्र विंडोजची अंतर्गत फंक्शन्स हाक मारून वापरणारा त्या काळचा कोड तसाच उचलता येत नाही. ऑफिस २०१० मध्ये ६४ बिटची आवृत्ती आली आणि ऑफिस २०१९ पासून नव्या स्थापनेत तीच आपोआप बसते. ती फंक्शन्स कोडला जोडून देणारी जुनी 'डिक्लेअर' विधाने तेथे अडतात आणि 'पीटीआरसेफ' हा शब्द जोडण्याची सूचना मिळते.

माझी स्वतःची चूक येथेच झाली. एका पतसंस्थेच्या फाइलीत मी वीस विधानांना तो शब्द जोडला, कोड कंपाइल झाला आणि मी निश्चिंत झालो. पण विंडोच्या हँडलसाठीचे (विंडोज तिला देते त्या ओळख-क्रमांकासाठीचे) चल 'लाँग' प्रकाराचेच राहिले होते. ते 'लाँगपीटीआर' करायला हवे होते, कारण ६४ बिटमध्ये हँडल आणि पत्ते आठ बाइटचे असतात आणि 'लाँग' चार बाइटचाच राहतो. 'पीटीआरसेफ' हा शब्द म्हणजे 'मी हे तपासले आहे' अशी आपण दिलेली ग्वाही असते. तपासणी त्याने आपोआप होत नाही. चार दिवसांनी व्याजाचा अहवाल निघत असताना अ‍ॅक्सेस कोणताही संदेश न देता बंद झाले, आणि मग प्रत्येक विधान प्रमाण व्याख्येशी ताडून पाहावे लागले. आता कोणताही कोड घेताना मी त्यावर आवृत्ती आणि वर्ष लिहितो. संवादातून कोड लिहून देणाऱ्या एआय साधनांकडून आलेल्या उत्तरालाही हाच नियम लावतो, कारण त्यात निरनिराळ्या आवृत्त्यांतील सल्ला एकाच दमात मिसळलेला असू शकतो.

नव्या सोयीचा मोहही याच जातीचा आहे. 'लार्ज नंबर' हा फार मोठ्या पूर्णांकांसाठीचा रकान्याचा प्रकार फाइलीत एकदा वापरला, की जुन्या आवृत्त्या ती फाइल उघडू शकत नाहीत आणि तो बदल मागे फिरवता येत नाही. पाच संगणकांपैकी एकावरही २०१३ ची आवृत्ती असेल, तर ही सोय त्या कार्यालयासाठी अस्तित्वातच नाही असे समजावे.

आपल्याकडे काय चालू आहे याची नोंद नसणे

बातमी उपयोगी पडते ती या नोंदीच्या आधारे. माझ्याकडे प्रत्येक ग्राहकासाठी वहीचे एक पान आहे. नमुन्यादाखल एका खतविक्रेत्याचे पान असे आहे: तीन संगणक, दोघांवर ६४ बिट मायक्रोसॉफ्ट ३६५, गोदामातील एकावर ३२ बिट २०१६, बॅकएंड (टेबले असलेली फाइल) एसीसीडीबी या अ‍ॅक्सेसच्या प्रकारातील, आकार ७४० एमबी, जुना साठा डीबीएफमध्ये, बाहेरची लायब्ररी एक, रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी (मजकूर ठरावीक साच्यात आहे का ते तपासण्यासाठी). अ‍ॅक्सेस फाइलीची मर्यादा २ जीबी असल्याने आकाराची नोंद दर सहा महिन्यांनी होते. हे पान समोर असले, की महिन्याकाठी अर्धा तास वाचनाला पुरतो, कारण कोणती बातमी आपली आणि कोणती नाही हे क्षणात ठरते.

याच पानातील शेवटची नोंद सध्या महत्त्वाची आहे. व्हीबीस्क्रिप्ट ही विंडोजमधील जुनी स्क्रिप्ट-भाषा निवृत्त करण्याचे मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केले. मे २०२४ मधील वेळापत्रकानुसार २०२७ च्या सुमारास ते विंडोजमध्ये आपोआप चालू नसेल आणि त्यापुढील टप्प्यात ते काढून टाकले जाईल. मोबाइल क्रमांक किंवा पिनकोड तपासण्यासाठी वापरलेले रेग्युलर एक्स्प्रेशन अनेकदा त्याच लायब्ररीतून येते. कोडच्या खिडकीत 'टूल्स'मधील 'रेफरन्सेस' उघडून व्हीबीस्क्रिप्टच्या नावाची ओळ आहे का ते पाहावे आणि 'क्रिएटऑब्जेक्ट' (लायब्ररी थेट कोडमधून बोलावणारी आज्ञा) असलेल्या सर्व ओळी शोधाव्यात. ऑफिसच्या २५०८ या आवृत्तीपासून रेग्युलर एक्स्प्रेशनची सोय व्हीबीएमध्येच (ऑफिसच्या अंगभूत कोड-भाषेत) आली आहे, परंतु वरच्या पानातील गोदामाच्या संगणकाला तिचा लाभ नाही. फाइलसिस्टम ऑब्जेक्ट आणि डिक्शनरी या वस्तू स्क्रिप्टिंग रनटाइमच्या स्वतंत्र फाइलीतून येतात. नावातील साम्य पाहून त्यांचा कोड बदलत बसण्याचे कारण नाही.

आणि काही गोष्टी इंग्रजी स्रोतांत शोधण्यात वेळ घालवू नये, कारण तेथे त्यांची गरजच फारशी पडत नाही. अ‍ॅक्सेस २००० पासून टेबलात युनिकोड मजकूर साठवता येतो, म्हणून देवनागरी नावे टेबलात, फॉर्मवर आणि अहवालात व्यवस्थित दिसतात. व्हीबीएच्या कोडच्या खिडकीत मात्र देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात आणि तेथून दाखवलेल्या संदेशपेटीतही तीच दिसतात. मराठी संदेश कोडमध्ये न लिहिता 'संदेश' नावाच्या टेबलात क्रमांकासह ठेवावेत आणि एका छोट्या फॉर्मवरील लेबलमध्ये ते दाखवावेत. मी असे टेबल प्रत्येक नव्या फाइलीत आधी आयात करतो. त्यात सध्या 'रक्कम शिल्लकीपेक्षा जास्त आहे' पासून 'ही पावती आधीच छापली आहे' पर्यंतचे संदेश आहेत, आणि शब्द बदलायचा असेल तर ऑपरेटरताई तो स्वतःच बदलतात.