साधं वाक्य अलंकारिक करताना या चुका टाळा

‘आजी खूप थकली होती.’ हे वाक्य अलंकारिक करा म्हटलं की हमखास उत्तर येतं, ‘आजी वाळक्या पानासारखी थकली होती.’ ‘सारखी’ आलं, म्हणजे झाली उपमा! पण पान थकतं कुठे? उपमेय (जिचं वर्णन करायचं ती आजी) आहे, उपमान (जिच्याशी तुलना केली ते पान) आहे, ‘सारखी’ हा साम्यवाचक शब्दही आहे. दोघांना जोडणारा साधारण धर्म, म्हणजे दोघांतला समान गुण, मात्र गायब. निम्म्या उपमा इथेच फसतात, म्हणून इथे जरा थांबू.

‘थकली’ हा शब्द बाजूला ठेवा आणि आजी दिसते कशी ते बघा. अंग जड झालंय, हातपाय सैल पडलेत, खुर्चीत टेकली की उठवत नाही. आता जड आणि सैल असं दुसरं काय? ओलं पांघरूण. ‘ओलं पांघरूण टाकावं तशी आजी खुर्चीत पडली.’ थकवा हा शब्द न येताही कळला. आधी गुण, मग उपमान. उलट्या क्रमाने गेलात की वाळकी पानंच हाती लागतात.

‘चेहरा जणू चंद्रासारखा’ हेही टाळा. ‘सारखा’ उपमेचा, ‘जणू’ उत्प्रेक्षेचा (एक गोष्ट जणू दुसरीच आहे, अशी कल्पना). एक काय ते ठरवा. (चंद्रालाही आता जरा विश्रांती द्या.)

रूपक (दोन गोष्टी एकच आहेत असं मानणं) निवडलंत तर ते शेवटपर्यंत निभवा. ‘रागाची ठिणगी पडली आणि बघता बघता महापूर आला’ यात आग विझली की पसरली? ठिणगीचा वणवाच होऊ द्या.

वाक्प्रचार वापरताना त्याचा मूळ अर्थ मध्येच जागा होत नाही ना, ते तपासा. ‘डॉक्टरांनी डोळ्यांत तेल घालून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केली’ असं वाचलं की रुग्णाच्याच डोळ्यांची काळजी वाटू लागते! शिवाय वाक्प्रचारातले शब्द बदलू नका. काळजाचं पाणीच होतं. ‘काळजाचा रस झाला’ लिहिलं की भीतीऐवजी हसू येतं.

आणि काही वाक्यं तशीच राहू द्या. मध्यरात्री, पावसात, मूल कडेवर घेऊन आलेल्या बाईसाठी ‘दार बंद होतं’ एवढंच पुरे. तिथे ‘दार रुसून बसलं होतं’ केलंत तर चेतनागुणोक्ती (निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं दाखवणं) साधेल, पण ती बाई वाचकाच्या नजरेतून निसटेल.