विंडोज होमचं प्रो करताना या चुका टाळा

विंडोजच्या 'होम' आवृत्तीचं 'प्रो' करायला साधारण दहा-पंधरा मिनिटं पुरतात. सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन, तिथे 'चेंज प्रॉडक्ट की', परवान्याच्या कीची २५ अक्षरं भरायची, एखाद-दुसरा रिस्टार्ट, झालं. फायली आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात. फॉरमॅट मारावा लागत नाही, कारण प्रोला लागणारे भाग होमसोबत डिस्कवर आधीच आलेले असतात. तरी दर काही दिवसांनी कोणीतरी अडकलेला लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतं, आणि दरवेळी घोटाळा झालेला असतो तो या पंधरा मिनिटांच्या आधी नाहीतर नंतर.

आधी हे ठरवा, प्रो हवंय कशाला? 'मशीन पळायला लागेल' म्हणून घेत असाल तर थांबा. वेग तोच राहतो. होमलाही १२८ जीबीपर्यंत रॅम चालते, त्यामुळे रॅमसाठी घरात कोणाला प्रो लागत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिमोट डेस्कटॉपने जायचं असेल तर तेही होमवरून जमतं. प्रो लागतं ते दुसरीकडून *या* मशीनवर यायचं असेल तेव्हा. त्याशिवाय हायपर-व्ही (एका मशीनमध्ये दुसरं आभासी मशीन चालवणं), ग्रुप पॉलिसी (विंडोजचे बारीक नियम ठरवणं), डोमेनला म्हणजे ऑफिसच्या एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या नेटवर्कला जोडणं आणि पूर्ण बिटलॉकर (डिस्कवरच्या मजकुराला लागणारं कुलूप), ही खरी कारणं. यातलं एकही लागत नसेल तर होम उत्तम आहे.

आता प्रॉडक्ट कीबद्दल. इथे माझा संयम सुटतो. कुठल्यातरी अनोळखी विक्रेत्याकडून अगदी नाममात्र किमतीत मिळालेली की टाकायची, 'ॲक्टिव्हेटेड' असं दिसलं की पैसे वाचले म्हणायचं. माझ्या एका मित्राने हेच केलं. विक्रेत्याने त्याला २५ अक्षरांसोबत दोन ओळींची आज्ञाही पाठवली होती, 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' असं सांगून. त्याने चालवली. जवळपास सहा महिने सगळं सुरळीत चाललं आणि एक दिवस कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' उमटलं. मी उघडून पाहिलं तर ती मोठ्या संस्थांसाठीची व्हॉल्यूम की निघाली. असं ॲक्टिव्हेशन एका वेळी १८० दिवसांचं असतं आणि संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरकडून ते पुन्हा पुन्हा ताजं करून घ्यावं लागतं. त्या दोन ओळींनी त्याचं मशीन कोणा परक्याच्या सर्व्हरला जोडलं होतं. तो सर्व्हर बंद पडला आणि ॲक्टिव्हेशन गेलं. पैसे गेले हे मला कमी वाटतं. अनोळखी माणसाने पाठवलेली आज्ञा पूर्ण अधिकार देऊन चालवली, आणि त्याच मशीनवर त्याचे बँकेचे व्यवहार होते, हे मला जास्त लागलं. मी ते मशीन पुसून नव्याने विंडोज टाकलं आणि त्याला सगळे पासवर्ड बदलायला लावले.

तपासणं अगदी सोपं आहे. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा. जी पट्टी उघडते तिच्यात इंग्रजी अक्षरांत एसएलएमजीआर लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ (/) द्या आणि डीएलआय लिहून एंटर मारा, म्हणजे slmgr /dli. उघडलेल्या चौकटीत रिटेल (सुटी विकत घेतलेली), ओईएम (मशीनसोबत कंपनीने दिलेली) किंवा व्हॉल्यूम (मोठ्या संस्थांची) यांपैकी काहीतरी दिसेल. घरच्या मशीनवर व्हॉल्यूम दिसलं तर समजा, ही की तुमच्यासाठी नव्हती. डीएलआयच्या जागी एक्सपीआर (xpr) लिहिलंत तर ॲक्टिव्हेशन कायमचं आहे की त्याला मुदत आहे तेही कळतं. मी स्वतः सेटिंग्जमधूनच मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर अपग्रेड विकत घेते. महाग पडतं, पण परवाना कुठून आला याचा घोर राहत नाही.

छोट्या चुका पटापट सांगते. एस मोड (फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलेच प्रोग्रॅम चालू देणारी विंडोजची बंदिस्त अवस्था) चालू असेल तर आधी त्यातून बाहेर पडा. तिथून परत एस मोडमध्ये जाता येत नाही. अर्धवट राहिलेली अपडेट्स आधी पूर्ण करा आणि मशीनची तारीख-वेळ बरोबर आहे ना ते बघा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, आवृत्तीचं नाव बदलून प्रो होत नाही, पुढची अपडेट्स मात्र बिघडतात. प्रोची की टाकली म्हणून विंडोज १० चं ११ होत नाही, ते वेगळं काम आहे. विंडोज ७ आणि ८ च्या जुन्या कींवर मोफत ॲक्टिव्हेशन करण्याची वाट मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये बंद केली, त्यामुळे जुन्या डब्यावरचं स्टिकर खरवडत बसू नका.

खरी की टाकूनही एरर येत असेल तर मी इंटरनेट तोडते, प्रोची सामायिक की (सगळ्यांसाठी एकच असलेली) टाकते, रिस्टार्ट करते आणि मग इंटरनेट जोडून विकत घेतलेली की भरते. सामायिक कीने आवृत्ती बदलते, परवाना मिळत नाही. अनेकजण तिथेच थांबतात आणि 'फुकट प्रो मिळालं' असं समजतात.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो बिटलॉकरच्या चुकीने. माझी मावसबहीण अनुवादाचं काम करते. लॅपटॉप प्रवासात हरवला तर कोणी मजकूर वाचू नये, एवढ्याचसाठी तिने प्रो घेतलं. हेतू अगदी रास्त होता. मशीनवर तिचं लोकल, म्हणजे फक्त त्या मशीनपुरतं खातं होतं, मायक्रोसॉफ्टचं नव्हतं. बिटलॉकर चालू करताना ४८ आकड्यांची रिकव्हरी की (कुलूप अडलं तर उघडायची किल्ली) जपून ठेवायला सांगितलं जातं. ज्या ड्राइव्हला कुलूप लागतंय त्याच ड्राइव्हवर ती फाइल म्हणून ठेवायला विंडोज नकार देतं. मग तिने 'प्रिंट' निवडलं आणि प्रिंटर नव्हता म्हणून पीडीएफ करून डेस्कटॉपवर ठेवली. विंडोजने ते अडवलं नाही. पुढे काही महिन्यांनी तिने बायोसमध्ये (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) जाऊन पेनड्राइव्हवरून त्याचं अपडेट केलं, मशीन परत सुरू झालं आणि निळ्या पडद्यावर ४८ आकडे मागितले गेले. आकडे कुलपाच्या आत होते. बॅकअप नव्हता. दोन वर्षांचं काम तिथेच राहिलं. मी रात्रभर बसले, पण त्या कुलपाला मागचं दार नाही आणि ते तसंच असायला हवं, नाहीतर चोरालाही ते सापडलं असतं.

म्हणून माझी सवय अशी: रिकव्हरी की दोन ठिकाणी, दोन्ही त्या मशीनच्या बाहेर. एक कागदावर, हाताने लिहून, पुन्हा ताडून, घरच्या कागदपत्रांच्या फाइलीत. दुसरी पेनड्राइव्हवर किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यात. खात्यात आहे असं गृहीत धरू नका, फोनवरून लॉगिन करून डोळ्यांनी बघा. बायोस अपडेटच्या आधी कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकरचं 'सस्पेंड प्रोटेक्शन' दाबा. आणि होमवाल्यांनीही गाफील राहू नये. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने असंच कुलूप आधीपासून लागलेलं असतं.

शेवटची अडचण पुढे कधीतरी विंडोज नव्याने टाकताना येते. लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या कायमच्या प्रोग्रॅममध्ये, कंपनीने होमची की कोरलेली असते, इन्स्टॉलर तीच उचलतो आणि न विचारता होम टाकून मोकळा होतो. लोक घाबरतात आणि पुन्हा प्रो विकत घेतात. घेऊ नका. प्रोचा डिजिटल परवाना त्या हार्डवेअरच्या नावावर मायक्रोसॉफ्टकडे नोंदलेला असतो. वर सांगितलेली सामायिक की टाकून आवृत्ती प्रो करा, इंटरनेट जोडा, परवाना आपोआप लागतो. मदरबोर्ड बदलायचा असेल तर मात्र आधीच मायक्रोसॉफ्ट खात्यातून त्या मशीनवर लॉगिन करून परवाना खात्याशी जोडून घ्या, आणि बदलल्यावर ॲक्टिव्हेशनच्या पानावरचा ट्रबलशूटर चालवून 'या डिव्हाइसचं हार्डवेअर नुकतंच बदललं' हा पर्याय निवडा.