भेटीसाठी गुळांबा आणि सुकी चटणी

पाडव्यानंतर कैरी स्वस्त झाली की गुळांबा करून ठेवावा. 1 किलो कैरी सोलून, किसून साधारण 700 ग्रॅम कीस निघतो. वजनाला तेवढाच गूळ घ्यायचा. फार पिवळाधमक नको, तांबूस बघून घ्या. कोल्हापुरात गुळाला तोटा नाही, भेली घेतली की किलोमागे स्वस्त पडतो.

कीस आधी वाफवून पूर्ण मऊ करा, मगच गूळ घाला. कच्च्या किसात गूळ पडला की कीस चिवट होतो, नंतर कितीही शिजवा. मंद आचेवर ढवळत राहा. थेंब गार बशीत टाकून बोटांत धरला की एक तार सुटली पाहिजे. तिथेच गॅस बंद. गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो, म्हणून दोन तारी झाला तर बरणीतून चमचा निघत नाही. पातळ राहिला तर बुरशी येते. शेवटी वेलदोडा.

चटणीला 200 ग्रॅम सुकं खोबरं, 100 ग्रॅम लसूण, 40 ग्रॅम तिखट (रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी), मीठ. लसूण कोरडा भाजा, खोबरं तांबूस करा, गार झाल्यावरच मिक्सर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवला तर तेल सुटून गोळा होतो. खोबरं खवट होतं, त्यामुळे झाकणावर तारीख आणि ‘तीन आठवड्यांत संपवा’ लिहा.

जुन्या काचेच्या बरण्या 10 मिनिटं उकळून उन्हात कडकडीत वाळवा. झाकणं मात्र नवी घ्या, जुन्यांना लोणच्याचा वास राहतो.