कँडी क्रशची लेव्हल सुटत नाही? आधी या चुका टाळा

सोलापूरच्या नवी पेठेत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मे महिन्यात दुपारी बारा ते चार या रस्त्यावर चिटपाखरू नसतं. त्या वेळात जे येतात, त्यांतल्या कित्येकांच्या फोनला काहीच झालेलं नसतं. "लेव्हल सुटंना झालीय की ओ, जरा बघता का?" म्हणत फोन पुढे करतात. एका रंगाच्या तीन-तीन गोळ्या जुळवून फोडायचा हा खेळ २०१२ साली आला, आधी फेसबुकवर आणि त्याच वर्षी मोबाईलवर. मी २०१३ पासून खेळतोय. इतक्या वर्षांत लेव्हल हजारोंनी वाढल्या, पण लोकांच्या चुका त्याच राहिल्या. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

लुकलुकलेली चाल लगेच खेळणे

काही सेकंद बोट लावलं नाही की खेळ स्वतःच गोळ्या हलवून एक चाल दाखवतो. नवखे लोक ती डोळे मिटून खेळतात. ती नुसती एक शक्य चाल असते. ती तुमच्या फायद्याची असेलच असं नाही, कधी कधी तर तुमची जमत आलेली मांडणी ती मोडून टाकते.

घाई कशाची, हेच मला कळत नाही. बहुतेक लेव्हलमध्ये चाली मोजल्या जातात, वेळ मोजला जात नाही. वीस चाली मिळाल्या तर त्या पाच मिनिटांत उडवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुरवा. या खेळाचं सगळ्यात मोठं बळ मला यातच दिसतं. दूध उतू जायला लागलं तर फोन ठेवून उठता येतं, परत येईपर्यंत पट जागेवर असतो. नेटही सतत लागत नाही. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना वाटेत रेंज गेली तरी खेळ थांबत नाही. आणि प्रत्येक रंगाच्या गोळीचा आकार वेगळा आहे, त्यामुळे रंग नीट न ओळखणाऱ्यालाही खेळता येतं. हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात ग्राफवर नक्षी भरायचे. चौकोन चौकोन रंगवायचा, मग त्यावरून जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, कार्डं पंच व्हायची. एक चौकोन चुकला की चादरीवरच्या प्रत्येक मोराच्या मानेवर तोच डाग उठणार. त्यामुळे पेन्सिल टेकवण्याआधी ते सगळ्या कागदावरून एकदा नजर फिरवायचे. तीच सवय मी उचलली. लेव्हल उघडली की आधी चारी कोपरे बघतो. जेली, म्हणजे गोळ्यांखालचा साफ करायचा थर, कुठे आहे, घरं खात पसरणारं चॉकलेट कुठे आहे, कुठला भाग बाकीच्या पटापासून तुटलेला आहे. पट मोठ्यात मोठा ९ बाय ९, म्हणजे ८१ घरं. ती बघायला अर्धं मिनिट पुरतं.

खास गोळी बनली रे बनली की फोडणे

ही चूक बघितली की माझा जीव तुटतो.

नियम सगळ्यांना पाठ असतात. चार जुळल्या की पट्ट्याची गोळी, एल किंवा टी आकारात पाच जुळल्या की कागदात गुंडाळलेली, एका रेषेत पाच आल्या की कलर बॉम्ब. चार आडव्या जुळवल्या तर पट्टे उभे येतात आणि उभी रांग साफ होते, उभ्या जुळवल्या तर आडवी. पण दोन खास गोळ्या एकमेकींशी बदलल्यावर जे होतं, त्याची वाट कुणी बघत नाही.

पूर्व भागातल्या एक काकू कडक भाकरी करून विकतात. जेलीच्या एका लेव्हलवर तीन आठवडे अडकल्या होत्या. मी म्हटलं, माझ्यासमोर खेळा. चौथ्या चालीलाच त्यांना कलर बॉम्ब मिळाला, आणि पुढच्या क्षणी त्यांनी तो शेजारच्या पिवळ्या गोळीवर सरकवला. पिवळ्या सगळ्या गेल्या, पण कोपऱ्यातल्या जेलीला धक्काही लागला नाही. बॉम्बच्या शेजारच्या रांगेत, दोन घरं वर, पट्ट्याची गोळी तयार होती. विचारलं, "काकू, ती का नाही वापरली?" म्हणाल्या, "ठेवला बॉम्ब आन् गेला तर?"

जात नाही. कलर बॉम्ब रंगाच्या जुळणीत सापडत नाही. दुसरी खास गोळी फुटून त्याला लागली तरच तो उडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तशी संधी आली. मी त्यांना पट्ट्याच्या गोळीखालच्या गोळ्या जुळवायला लावल्या. दोन चालींत ती खाली येऊन बॉम्बशेजारी बसली. मग दोघी बदलल्या. पटावरच्या त्या रंगाच्या सगळ्या गोळ्यांना पट्टे आले आणि आडव्या-उभ्या रांगा फुटत गेल्या. कोपरे साफ झाले तेव्हा सहा चाली शिल्लक होत्या. काकूंनी मला दोन भाकऱ्या आणि शेंगाचटणी आणून दिली.

एक अपवाद. उलटे आकडे मोजणारा टाइमबॉम्ब शून्याकडे आला असेल तर जोडीची वाट बघू नका, आहे ती गोळी वापरा.

"खालूनच खेळा" हा मंत्र आंधळेपणाने जपणे

खाली जुळवलं की वरचं कोसळतं, फुकटच्या जुळण्या होतात, हे खरं. सुरुवातीला मीही तसंच खेळतो. पण वर जोडी जमत आली असेल तर खाली हात लावला की ती विस्कटते. नुसते व्हिडिओ पाहून चाली उतरवणाऱ्यांचं हेच होतं, कारण तुमच्या पटावर वरून पडणाऱ्या गोळ्या वेगळ्या असतात. टोबी वॉल्श या संगणकशास्त्रज्ञाने २०१४ मध्ये दाखवलं की हा खेळ गणिताच्या दृष्टीने अतिकठीण वर्गातला आहे. पट हवा तेवढा मोठा धरला तर तो दर वेळी झटपट सोडवणारी रीत कुणाकडे नाही. त्यात पडणाऱ्या गोळ्यांचं नशीब आलं, आणि हा खेळाचा खरा कमकुवतपणा आहे. चांगलं खेळूनही माणूस हरतो.

चॉकलेट नंतर बघू म्हणणे. ज्या चालीत एकही चॉकलेट फुटत नाही, त्या चालीनंतर ते एक घर खातं. आधी तेच.

फुगे आलेली स्क्रीनगार्डची काच. बोट सरकतं एकीकडे, गोळी जाते दुसरीकडे. काच बदला.

हरल्यावर पाच चाली विकत घेणे

दोनच जेली राहिल्यात म्हणून माणूस पैसे टाकतो. हरल्याची चुटपुट ताजी असतानाच दुकान पुढे येतं, आणि ही गोष्ट मला या खेळात मनापासून आवडत नाही. मी एक पैसा दिलेला नाही. घरात पोरं फोन हाताळत असतील तर प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा, आजच.

जीव मिळवायला घड्याळ पुढे करणे

जीव पाच असतात, हरलं की एक जातो, दर अर्ध्या तासाला एक परत येतो. म्हणजे अडीच तासांत सगळे. तेवढा धीर नसतो, म्हणून पोरं तारीख पुढे ढकलतात. मंगळवार बाजारातले एक भाजीवाले मामा रडकुंडीला येऊन दुकानात आले. व्हॉट्सअॅप उघडत नाही, गिऱ्हाइकाचे पैसे आले का ते दिसत नाही, दोन ठिकाणी फोन फॉरमॅट करायला सांगितलेलं. मी वर तारीख पाहिली. पुढच्या वर्षातली होती. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा रोज रात्री ती पुढे सरकवत होता. समोरच्या सर्व्हरचा सुरक्षा दाखला ठरावीक तारखेपर्यंतच चालतो. फोनच्या हिशेबाने ती तारीख उलटून गेली की जोडणीच होत नाही. सेटिंगमध्ये 'आपोआप तारीख व वेळ' चालू केलं, फोन बंद करून सुरू केला, अर्ध्या मिनिटात सगळं सुरू. त्यांचा मात्र अख्ख्या दिवसाचा धंदा बुडाला होता. वर, घड्याळ मागे आणल्यावर जीव यायची वेळ भलतीच लांब दिसू शकते. म्हणजे पोराचाही फायदा नाही.

लॉगिन न करता खेळत राहणे

फोन फॉरमॅट झाला की लॉगिन नसलेल्यांची प्रगती पुसली जाते. हजारावी लेव्हल गाठलेल्या बाई माझ्यासमोर पहिल्या लेव्हलवर आल्यात, आणि त्यांना द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन खातं जोडलेलं आहे का ते बघा. पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवा. गेम अडकतोय म्हणून अनइन्स्टॉल करण्याआधी तर नक्कीच.